आधी लंगोट सोड!

परवा आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. जेवणं झाल्यावर एकाने माइक हातात घेतला, पँट पोटावर ओढली आणि घोगरा आवाज काढून ओरडला, "आधी लंगोट सोड!" सगळा हॉल फुटला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. माझं डोकं मात्र असं तापलं की समोरची बासुंदी तशीच टाकून मी उठले. नवरा म्हणाला, "अगं, गंमत आहे ती." गंमत! ज्या माणसाने तुम्हाला पोराच्या पोटाला हात कसा लावायचा ते शिकवलं, त्याची गंमत? म्हणून घरी येऊन लिहायला बसले. रागात लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते.

नव्वदीच्या आगेमागे आम्ही धुळ्याला मेडिकलला होतो. मी जळगावची, मेहरूणची. बालरोगाच्या वॉर्डात आमची पाळी लागली तेव्हा सीनियर मुलांनी दोन सूचना दिल्या होत्या. सकाळी नाश्ता करून जाऊ नका, आणि सरांसमोर स्टेथोस्कोप काढू नका. दोन्हींचं कारण पहिल्याच दिवशी कळलं.

वॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर एनॅमलचे पांढरे ट्रे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर माश्यांसाठी जाळी, आणि प्रत्येक ट्रेमध्ये एकेका पोराचा लंगोट. धुतलेला नव्हे, भरलेला. सर बुटके, पन्नाशीचे, पोट सुटलेले. पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच राहिलेली. ते त्या ट्रेपुढे उभे राहून खिशातले शेंगदाणे खात होते. खात होते! आमच्यातला एक जण तिथेच कठड्यावरून बाहेर वाकला. सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "झालं? ये आता. सांग, हा रंग कशाचा?"

रंगांची नावं त्यांची स्वतःची होती आणि सगळी स्वयंपाकघरातली. "हे ताक फुटलंय, दूध पचत नाहीये. ही मेथी, आतड्याला सूज असेल. हा शेवभाजीचा रस्सा, वरचा तवंग बघ, तेलतूप अंगी लागत नाही. आणि हा काळा मसाला. हा दिसला की पळायचं, वर कुठेतरी रक्त जातंय." मेसमध्ये शेवभाजी केली की आमच्यातली निम्मी पोरं भाकरी आणि ठेचा खाऊन उठायची. मेसचा महाराज सरांच्या नावाने बोटं मोडायचा.

नवं पोर खाटेवर आलं की आमचे हात सवयीने त्याच्या छातीकडे जायचे. मागून खेकसणं यायचं, "आधी लंगोट सोड! पोर काय फुफ्फुसाने जेवतं?" एकदा एकाने झबल्यावरूनच पोट दाबून बघितलं. सर त्याला म्हणाले, "कपड्यावरनंच तपासायचं असेल तर कापडाचं दुकान टाक बापू, मापं तरी बरोबर घेशील." त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं. पोर खोटं बोलत नाही, आई अर्धं सांगते, आजी आपलंच सांगते, आणि डॉक्टर काही विचारतच नाही.

परीक्षेत आमच्यातल्या पहिल्या नंबराच्या पोराने यकृत, प्लीहा सगळं धाडधाड म्हणून दाखवलं, पण लंगोट काही सोडला नाही. सरांनी नापास केला. त्याचे वडील मोठी असामी, गाडी घेऊन आले. सर त्यांना म्हणाले, "करतो की पास. उद्या तुमचा नातू आजारी पडला तर हाच तपासेल, चालेल?" वडील गाडीत जाऊन बसले. पोरगा सहा महिन्यांनी पुन्हा बसला. परवाच्या मेळाव्यात सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता.

सर चमत्कारिक होते हे मी कशाला नाकारू? आमच्या प्रमुख साहेबांच्या नातवाचं बारसं होतं. बायका भरजरी साड्या नेसून पाळण्याभोवती "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करतायत, आणि सर गर्दीतून वाट काढत पाळण्याशी गेले. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतायत. त्यांनी लंगोट सोडला, वाकून नीट बघितलं, "उत्तम आहे" म्हणाले आणि परत बांधला. तेवढ्यात पोराने त्यांच्या बाहीवर धार सोडली. साहेबांच्या सौभाग्यवतींचा चेहरा असा झाला होता की बस. साहेब ते आयुष्यात विसरले नाहीत. सरांना मात्र आपण काही वावगं केलं असं वाटलंच नाही. सगळे जण चांदीची वाटी देतात, मी निदान पोर बघितलं तरी, असं ते दुसऱ्या दिवशी वॉर्डात म्हणाले.

आता ज्यासाठी मी हे लिहितेय ते.

एक दिवस साक्रीकडची एक आजी आणि तिची मुलगी दीड-पावणेदोन महिन्यांचं पोर घेऊन सिव्हिलला आल्या. पोराला खोकला होता, एवढंच. पहिलटकरीण माहेरी बाळंत झालेली, जावई सुरतेला कामाला, त्यामुळे सगळा कारभार आजीचा. ही आजी साधीसुधी नव्हती. गावात कुणाचंही बाळंतपण असो, पोराला न्हाऊ-माखू घालायला हीच जायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. पोर कसं गुटगुटीत, तेल-हळदीने चोळलेलं, डोळ्यांत हे एवढं काजळ. ते पोर माझ्या वाट्याला आलं. मी लंगोट सोडला आणि थबकले. आत पांढरं होतं. भिंतीला चुना लावतात तसं पांढरं.

सर आले. बराच वेळ बघत राहिले. शेंगदाण्याची मूठ खिशात परत गेली, एवढंच मला आठवतं. मग बोटाने पोराचं काजळ पुसून पापणी वर केली. डोळा पिवळाजर्द.

"अक्का, कधीपासून असं धवयं होतं?"

अक्का तर खूश झाली! म्हणाली, "पैलापासून. दूधना पोऱ्या शे डाक्टर, दूध पेस तं दूधसारखाच हागी. इतला गुनी पोऱ्या, लंगोटले डागसुद्धा पडत नही." ती हे गावभर कौतुकाने सांगत होती. लंगोट नुसता पाण्यातून काढला की स्वच्छ. मुताचा पिवळा डाग तेवढा पडायचा, पण तो हळदीचा, असं तिने ठरवून टाकलेलं. अंग पिवळं, तेही हळदीचं. आणि सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणाची नजर पडायचा प्रश्नच नव्हता.

सरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. शीचा पिवळा रंग पित्तामुळे येतो. या पोराची पित्ताची वाटच बंद आहे, पित्त यकृतात तुंबून ते जळतंय. याला गोळी नाही, टॉनिक नाही. मुंबईला ऑपरेशन होतं, पण ते दोन महिन्यांच्या आत झालं तर खरं. त्यानंतर यकृत दगड होत जातं. "आपल्याकडे आठवडा आहे," ते म्हणाले. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

आणि मग कळलं की सव्वा महिना संपल्यावर हे पोर पेठेतल्या मोठ्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलं होतं! मोठे म्हणजे मोठेच. दवाखान्यात माशांची काचेची पेटी, रांग रस्त्यापर्यंत, हाताला गुण आहे म्हणून तालुक्यातालुक्यातून लोक यायचे. त्यांनी दोन्ही वेळा झबल्यावरून नळी लावली, टॉनिक लिहिलं, सकाळच्या उन्हात ठेवा म्हणाले. झालं. लंगोटाची गाठ सोडायला किती वेळ लागतो हो? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांनी मुंबईची चिठ्ठी लिहून दिली, ओळखीच्या सर्जनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. अक्का पोराला घेऊन परत पेठेत गेली होती, आणि मोठे डॉक्टर तिला म्हणाले होते, "सिव्हिलमध्ये शिकाऊ पोरं असतात, त्यांना शिकायला कुणीतरी लागतंच. मुंबईला नेऊन पोट फाडतील. मी आहे ना." हे मला अक्कानेच नंतर सांगितलं. मी आहे ना! गावात गेल्यावर अक्काने पोराच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबत होती आणि पोराचं पोट फुगत होतं.

सरांनी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. आठवडा गेला, त्यावर आणखी काही दिवस गेले. एका रविवारी सकाळी होस्टेलच्या फाटकाशी सायकलची घंटी. "जळगाववाली, चल. पोर तुझं आहे ना?" मी आणि माझी मैत्रीण, दोघी निघालो. साक्रीपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी, मग पायी. वाटभर मीच बडबडत होते. म्हटलं, त्या पेठेतल्या माणसाची तक्रार करा, त्याचा दवाखाना बंद करायला लावा. सर म्हणाले, "त्याचा दवाखाना बंद करून पोराचं पित्त मोकळं होणार आहे का? आधी पोर." मला त्यांचाही राग आला. इतकं थंड कसं राहता येतं माणसाला!

अक्काने आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि पोर काही द्यायला तयार नाही. घरातले नाना, म्हणजे तिचे यजमान, हात जोडून म्हणाले, "डाक्टर, तुम्ही देवमानूस शेतस. पन आमी मुंबईले काही जात नही." मुलगी आतल्या दाराशी उभी, डोळे पुसत. तिला कोण विचारतंय?

मला वाटलं आता सर खेकसणार. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "अक्का, गावमां दूधपेतं पोर आखो कोनं कोनं शे? तूच न्हावाडस ना बठ्ठास्ले? बलाव."

गावातली सगळी तान्ही आपल्याच हातची न्हालेली, यात अक्काला मान वाटला. तिने हाळी दिली आणि बायका आल्या, काखेत, पदराखाली तान्ही पोरं घेऊन. अंगण भरलं. सरांनी गोधडी अंथरायला लावली आणि पोरं ओळीने निजवली, शेवटी अक्काचा नातू. मग आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, "हं. सोडा." आम्ही गुडघे टेकून एकेक लंगोट सोडत गेलो. बायका आधी पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक पिवळा, दुसरा पिवळा, तिसरा जरा हिरवट पण पिवळाच. ज्यांचे कोरडे निघाले त्यांच्या आयांनी मागचे, न धुतलेले आणून दाखवले. तेही पिवळे. आणि शेवटचा पांढरा. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

सर अक्कासमोर उकिडवे बसले. "अक्का, या बठ्ठा पोरं काय पेतस? च्या पेतस का?"

"दूधच पेतस," अक्का म्हणाली.

"मंग यास्नं पिवयं काबर? आन तुना नातूनं एकलानंच धवयं काबर?"

अक्का गोधडीकडे बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. तिने वाकून नातवाच्या गळ्यातली माळ काढली. तोडली नाही, नुसती काढून शेजारी ठेवली. मग आत मुलीकडे तोंड करून म्हणाली, "कपडा भर."

त्याच रात्रीच्या गाडीने अक्का मुलीला आणि पोराला घेऊन मुंबईला गेली. ऑपरेशन झालं. सर्जनने सरांना फोनवर सांगितलं, केलंय, पण यकृत कडक लागलं हाताला, महिनाभर आधी आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. महिनाभर आधी ते पोर पेठेत होतं, झबल्याची बटणं लावलेलं.

पुढच्याच महिन्यात आमच्या कॉलेजात व्याख्यान ठेवलं. विषय, तान्ह्या बाळाची कावीळ. प्रमुख पाहुणे कोण? पेठेतले मोठे डॉक्टर! प्रमुख साहेबांनी स्वतः हार घातला. पाहुण्यांनी स्लाइड दाखवल्या, विनोद केले, उन्हाचं महत्त्व सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून सर उठले.

"माझा छोटा प्रश्न आहे. साक्रीकडचं एक पोर तुमच्याकडे दोनदा आलं होतं. लंगोट सोडला होता का?"

डॉक्टर हसले. "सर, माझ्याकडे रोज एवढी गर्दी असते. प्रत्येकाचा लंगोट सोडत बसलो तर दवाखान्याचा गोठा होईल." हॉल हसला. आमचे मास्तर हसले, आमची पोरं हसली. सर तिथेच उभे. "सोडला होता की नव्हता?" त्यांनी परत विचारलं. साहेबांनी खूण केली आणि कुणीतरी चहा आणायला सांगितलं. मला राहवेना. मी उभी राहून ओरडले, "अहो, त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या की!" मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून समज दिली. सरांना समज दिली नाही, बदलीच दिली. वर्षाच्या मध्यात, पार विदर्भाच्या टोकाला. कारण काय, तर पाहुण्यांचा अपमान आणि वॉर्डातली दुर्गंधी. ट्रे भंगारात गेले. व्हरांड्यात कुंड्या आल्या.

सर गेले तेव्हा अक्काचा नातू परत आमच्याच वॉर्डात होता, पोटात पाणी भरलेलं, नसा वर आलेल्या. निघताना सरांनी वळकटी खाली ठेवली, पोराचं पोट हाताने चाचपलं, दोरीने मापलं. मला म्हणाले, "रोज मापत जा. आणि आईला झोपू दे मधूनमधून." निरोप समारंभ वगैरे काही नाही. एवढ्या मोठ्या कॉलेजातून त्यांना पोहोचवायला एस.टी. स्टँडवर आम्ही दोघी.

पोर त्यानंतर दोनेक महिने जगलं. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि गेलं. अक्का रडली नाही. पोराला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं, या वेळी हळद न लावता, आणि घेऊन गेली. मी रडले, अगदी ओरडून रडले, आणि सिस्टर मला म्हणाल्या, सवय होते. नाही झाली. त्या पेठेत अजून रांग होती, तिकडून जाताना मी थुंकत असे. शोभत नाही म्हणतात. नसेल शोभत.

पुढे माझी इंटर्नशिप लागली, योगायोगाने बालरोगालाच. एक दिवस ओ.पी.डी.त सकाळीच गलका. एक जीप येऊन उभी, तीत कोंबून बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या पदराखाली तान्हं पोर. सगळ्यांत पुढे अक्का. एका पोराची तर नाळही अजून पडलेली नव्हती. सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा न ओलांडणारं ते गाव, आणि ही बाळंतिणींना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन आली होती. शिपाई अडवत होता, केस पेपर काढा म्हणत होता. ती त्याला बाजूला सारून सरळ आत आली.

"सर कोठे शेत?"

मी म्हटलं, "त्यांची बदली झाली, अक्का. लांब गेले ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओळख पटली असावी. काखेतलं पोर तिने माझ्यापुढच्या टेबलावर निजवलं.

"मंग तू सोड."

मी गाठ सोडली. पिवळं होतं. अक्का हसली नाही. तिने स्वतः वाकून नीट बघितलं, लंगोट परत बांधला आणि दाराकडे वळून हाक दिली, "दुसरं आन वं."